दिडकी

रॅम्सगेटच्या शाळेत मी मदतनीस बाई.
फळ्यापाशी नसते मी,
मागच्या बाकाशी गुडघ्यावर बसते,
ज्यांचं गणित अडलंय त्यांच्या उंचीला.
टेगनचं गणित कधी अडलं नाही.
तिचं अडायचं सकाळी:
केस ओले, पोटात काही नाही,
आणि हजेरी होऊन गेलेली.

तिला मी दिडकी शिकवली,
अण्णांनी मला शिकवली तशी, बोटं न मोजता.
एक दिढी दीड, दोन दिढी तीन,
तीन दिढी साडेचार.
मराठीतूनच. आकड्यांना कुठं भाषांतर लागतं.
'साडे' तिला फार आवडलं.
म्हणाली, तुमच्यात अर्धा आधी येतो,
आमच्यात मागून.
पूर्वी दिडकी नावाचं नाणंही होतं, मी सांगितलं.
काय यायचं त्यात?
ते मला ठाऊक नव्हतं.

तिची आई, डॉन, काचघरात टोमॅटो पॅक करते.
रात्री ते काचघर लांबून गुलाबी दिसतं,
ढगांच्या पोटालाही रंग लागतो.
आत रोपांना मोजून ऊब, ठरल्या वेळी पाणी,
एक पान पिवळं पडलं तरी कुणीतरी वहीत लिहितं.
घरी वीज मीटरमध्ये चावी घालून घ्यायची,
ती गुरुवारपर्यंत पुरते.
शुक्रवारचा गृहपाठ टेगन लॉन्ड्रीत बसून करते.
तिच्या वहीला साबणाचा वास.

आमच्या निहारला शिकवणी.
मिस्टर पेनफोल्ड, दर मंगळवारी दीड तास,
त्यांच्या खिडकीतून बोटी दिसतात.
आम्ही काही पैसेवाले नाही.
नवरा इस्पितळात एक्स-रे काढतो.
पण अकराव्या वर्षीच्या त्या परीक्षेला
सगळेच लावतात, म्हणून लावली.
सगळेच म्हणजे किती, हे मोजलं नव्हतं.

जूनमध्ये टेगननं विचारलं, किती घेतात ते?
तासाला पंचेचाळीस, म्हटलं.
तिनं डोळे मिटले.
पंचेचाळीस दिढी साडेसदुसष्ट.
मग आणखी थोडा वेळ मिटलेलेच.
"आईला साडेपाच तास लागतात," म्हणाली,
गणित सुटल्याच्या आनंदात.
मी तिला स्टिकर दिला. सोनेरी चांदणी.

फॉर्मची मुदत एक जुलै. ऑनलाइन.
डॉनच्या फोनला तडा, डेटा संपलेला,
हे मला माहीत होतं.
फाटकापाशी ती सोमवारी भेटली,
बुधवारी भेटली.
हवेबद्दल बोललो.
उद्या सांगू, म्हटलं.
जागा किती असतात, हेही मला माहीत होतं.

चौथीच्या स्कॉलरशिपचा माझा फॉर्म
टेंभुर्णे बाईंनी घरी येऊन भरून घेतला होता,
पिठाच्या डब्यावर कागद ठेवून.
फीसुद्धा त्यांनीच भरली.
अण्णा जकात नाक्यावर कारकून,
कुणाचं ठेवून घेणारे नव्हेत.
म्हणाले, कसं फेडू?
बाई म्हणाल्या, तुम्ही नका. ही फेडेल.

निहारचा निकाल लागला तेव्हा
मी दुधाच्या पावडरीची बर्फी केली.
शाळेत नेली नाही.

आता बसस्टॉपवर दोघं उभी असतात.
त्याचा ब्लेझर वाढत्या अंगाचा,
बाह्या बोटांपर्यंत.
तिचा स्वेटर कुणाचातरी आधीचा,
आत शिवलेल्या पट्टीवर दुसरंच नाव.
दोन बसेस, रस्त्याच्या दोन बाजू.
मला बघून ती पायरीवरून ओरडते, वाऱ्यातून,
"मिस, सतरा दिढी?"

मला वेळ लागतो.
साडेपंचवीस, म्हणते मी,
तोवर तिची बस वळलेली असते.